आधी संपादक, मग डिझायनर

जून सरत आला की शेतकऱ्यांच्या, पत्रकारांच्या आणि नुसत्याच चर्चा करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हवामान खात्याचा जिल्हावार पावसाचा नकाशा फिरू लागतो. ‘जिल्हा हिरवागार दाखवलाय, इथे पेरणी करपली’ असं कुणीतरी लिहितं आणि तासाभरात वाद पावसावरून चित्रांवर घसरतो. एक बाजू म्हणते, या इन्फोग्राफिकनीच, म्हणजे आकडे सांगणाऱ्या चित्रांनीच, वाचनाची वाट लावली. चार पानांचा अहवाल वाचायचा कंटाळा, म्हणून रंगीत चित्र पुढे ढकलायचं. दुसरी बाजू विचारते, अहवाल वाचतो कोण? चित्र आहे म्हणून निदान काहीतरी पोचतं, तेव्हा ते आणखी आकर्षक करा. वाद वर्षानुवर्षं याच रुळांवरून चालला आहे, आणि दोन्ही बाजूंनी न तपासता धरून चाललेली गोष्ट एकच: आशय मजकुरात असतो, चित्र ही वरची सजावट. एकाला ती नकोशी, दुसऱ्याला हवीहवीशी, एवढाच फरक.

इन्फोग्राफिक हे विधान असतं. कोण म्हणतो, कशाच्या आधारावर, किती तारखेपर्यंतचं, कशाच्या तुलनेत, हे प्रश्न आपण बातमीतल्या वाक्याला विचारतो, तेच चित्राला विचारायला हवेत. फसलेली इन्फोग्राफिक क्वचितच कुरूप असतात. बरीचशी चांगली देखणी असतात. घोळ झालेला असतो तो रंग निवडायच्या आधी, आकडे हातात घेताना. म्हणून या कामाला आधी संपादक लागतो आणि नंतर डिझायनर. आपल्याकडे क्रम उलटा आहे: मजकूर तयार झाला की रात्री उशिरा ‘याचं एक ग्राफिक करून टाक’ म्हणून फाइल धाडली जाते.

त्या पावसाच्या नकाशाकडेच जरा जवळून पाहू. सरासरीच्या तुलनेत उणे १९ टक्क्यांपासून अधिक १९ टक्क्यांपर्यंतचा सगळा पाऊस ‘सामान्य’ धरला जातो आणि त्याला एकच हिरवा रंग मिळतो. म्हणजे उणे १९ टक्के हिरवा आणि उणे २० टक्के लाल. प्रत्यक्षात दोहोंत एका सरीचा फरक असेल. नकाशावर मात्र शेजारशेजारचे दोन जिल्हे दोन वेगळ्या नशिबांचे दिसतात. त्यात तुटीला लाल रंग आणि त्याहून मोठ्या तुटीला, म्हणजे उणे ६० टक्के आणि त्याहून खाली, पिवळा. सूची न वाचता नकाशा पाहणाऱ्याला पिवळा जिल्हा लालपेक्षा बरा वाटणारच, कारण सिग्नलपासून गॅस सिलिंडरच्या चेतावणीपर्यंत सगळ्यांनी त्याला लाल म्हणजे अधिक धोका हेच शिकवलं आहे. आणि मुख्य मुद्दा याहून पुढचा आहे. आकडा असतो १ जूनपासूनच्या एकूण पावसाचा. समजा, एका भागाची जूनअखेरची सरासरी १५० मिलिमीटर आहे. पंचवीस दिवस कोरडे गेले आणि शेवटच्या पाच दिवसांत १४० मिलिमीटर कोसळला. टक्केवारी उणे ७, रंग हिरवा. कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. त्या सल्ल्यासाठी या हिरव्या रंगाचा काडीइतका उपयोग नाही, कारण पाऊस किती मिलिमीटर झाला आणि कधी झाला हे तो सांगतच नाही. शिवाय अतिवृष्टीचा निकष, २४ तासांत ६५ मिलिमीटर, लावला जातो महसूल मंडळाला, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाला, आणि नकाशा असतो जिल्ह्याचा.

मग नकाशा खोटा आहे का? नाही. देशभरच्या हंगामाचा आढावा घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तो केला आहे आणि त्या कामाला तो पुरतो. ‘या हंगामात आजवर एकूण पाऊस सरासरीच्या आसपास आहे का’ या प्रश्नाचं ते उत्तर आहे. शेतकरी विचारतो, ‘माझ्या मंडळात पेरणीजोगी ओल झाली का?’ एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवलं की वाद होणारच. चित्राच्या माथ्यावर प्रश्न लिहिलेला असता तर निम्मा वाद मिटला असता.

चित्रांच्या विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच येतो, आणि तो मान्य करायला हवा. चित्र शंका गिळून टाकतं. मजकुरात ‘साधारणपणे’, ‘काही अपवाद वगळता’, ‘अंतरिम आकडेवारीनुसार’ लिहिता येतं. स्तंभाला कचरायला येत नाही, तो ठामपणे उभा राहतो. आणि चित्र मजकुराहून जास्त पटतं, म्हणून चुकीचं चित्र चुकीच्या वाक्याहून जास्त नुकसान करतं. हे सगळं खरं. पण त्यातून ‘चित्र नको’ हा निष्कर्ष कसा निघतो? ज्याची ताकद जास्त त्याची तपासणी जास्त, हा निघतो. आणि आकड्यांनी भरलेला मजकूर वाचकाच्या डोक्यात शंका शाबूत ठेवून पोचतो, हे तरी कुणी सिद्ध केलं आहे? चौदा आकड्यांच्या परिच्छेदातला एक आकडा लक्षात राहतो, तोही बहुधा पहिला.

हा वाद आजचाही नाही. क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या मृत्यूंच्या आकृत्या छापल्या. जखमांपेक्षा टाळता येण्याजोगे रोग कितीतरी अधिक सैनिक मारत होते, हे त्यांना मंत्र्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं होतं. त्यांना आकडेवारीत मदत करणारे विल्यम फार हे नामांकित संख्याशास्त्रज्ञ. अहवाल जितका कोरडा तितका चांगला, असं त्यांचं मत. फार यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं, कारण आकृतीत फसवणूक किती सहज शिरते याचा दाखला नाइटिंगेल यांच्याच कामात आहे. त्यांच्या सुरुवातीच्या आकृतीत मृत्यूचं प्रमाण केंद्रापासूनच्या अंतराने दाखवलं होतं. डोळा मात्र अंतर मोजत नाही, क्षेत्रफळ मोजतो, आणि त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट. हे ध्यानात येताच त्यांनी शुद्धिपत्र जोडलं आणि पुढच्या आकृतीत क्षेत्रफळ हेच प्रमाण धरलं. कोरडेपणाचा सल्ला त्यांनी मानला नाही, पण आकृतीला गणिताच्या कसोटीवर पुन्हा घासलं. आपल्याकडच्या ‘आकर्षक करा’ गटाने नाइटिंगेलचं नाव घ्यावं तर हे शुद्धिपत्रही घ्यावं.

दुसरं नाव हमखास निघतं ते लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांचं. १८५४ ची लंडनमधली कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, काळ्या रेघांचा नकाशा. नकाशा पाहिला आणि पंपाचा दांडा काढला, अशी गोष्ट सांगितली जाते. दांडा निघाला ८ सप्टेंबरला. तो प्रसिद्ध नकाशा तयार झाला त्यानंतर आणि पुस्तकात छापून आला १८५५ मध्ये. साथही तोवर ओसरू लागली होती. साथ त्या पंपाच्या पाण्यातून पसरते, हा स्नो यांचा खरा युक्तिवाद अपवादांवर उभा होता: पंपाला लागूनच असलेल्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण ते ते पाणी पीतच नव्हते, आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी विधवा दगावली, कारण तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं आणि ती ते मुद्दाम मागवायची. याहून बोलकी गोष्ट अशी की त्याच मृत्यूंचा आणखी एक नकाशा त्याच महिन्यांत गटार आयोगाचे अभियंता एडमंड कूपर यांनी काढला होता. त्यांना तपासायचं होतं ते साथीचा गटारांशी संबंध आहे का. घरं तीच, मृत्यू तेच. प्रश्न वेगळा, म्हणून पंप हा त्या नकाशाचा विषयच नव्हता. चित्रात काय दिसेल हे चित्रकाराच्या कौशल्याआधी प्रश्न ठरवतो, याहून चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

आता घरचा नकाशा. नववीच्या भूगोलात क्षेत्रघनी पद्धत (प्रत्येक भाग रंगाच्या छटेने भरायचा) आणि टिंब पद्धत शिकवतात. त्या धड्याचा विसर पडल्याशिवाय आपली निम्मी जिल्हावार इन्फोग्राफिक झालीच नसती. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, मुंबई उपनगर जिल्ह्याचं ४४६. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत १०.७३ लाख माणसं, मुंबई उपनगरात ९३.५७ लाख. म्हणजे रुग्ण, मतदार, लाभार्थी, काहीही जिल्ह्यावर रंगवा: गडचिरोलीला बत्तीसपट रंग मिळतो आणि माणसं असतात नवव्या हिश्श्याच्या आसपास. फोनवर मुंबई उपनगर म्हणजे किनाऱ्यावरचा ठिपका, तोही जिल्ह्याच्या सीमारेषेखाली झाकलेला. एकूण संख्या अशा नकाशावर रंगवायचीच नसते. दर रंगवायचा, म्हणजे लाखामागे किंवा हजारामागे किती. संख्याच दाखवायची तर टिंबं किंवा वर्तुळं. आणि सगळ्यात साधा उपाय, जो डिझायनरला नकोसा असतो: नकाशा सोडा, ३६ जिल्ह्यांचे आडवे स्तंभ काढा, मोठ्याकडून लहानाकडे. ‘कुठे’ हा प्रश्न नसून ‘किती’ हा प्रश्न असेल तेव्हा नकाशाची गरजच नसते.

त्या ३६ मध्येही मेख आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते. पालघर ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. इंटरनेटवरून उतरवलेल्या नव्या नकाशात २०११ चे आकडे भरले की पालघर रिकामा राहतो, किंवा कुणीतरी ठाण्याचे १,१०,६०,१४८ तसेच ठेवून पालघरला अंदाजे काहीतरी देतो आणि माणसं दोनदा मोजली जातात. योग्य मार्ग दोनच: जुना ३५ जिल्ह्यांचा नकाशा वापरणं, किंवा तालुकावार आकडे घेऊन पालघरची बेरीज नव्याने करणं आणि तसं खाली लिहिणं. हे डिझाइनच्या कुठल्या कोर्समध्ये शिकवतील? ही नजर जिल्हा वार्ताहराकडे असते, तलाठ्याकडे असते, आकडेवारीत मुरलेल्या उपसंपादकाकडे असते.

‘आकर्षक करा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही एक ठोस गोष्ट आहे. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान विद्यापीठात २०१० मध्ये सचित्र, सजवलेले आलेख आणि साधे आलेख यांची तुलना झाली. आकडे वाचण्याच्या अचूकतेत सजवलेले मागे पडले नाहीत, आणि दोन-तीन आठवड्यांनी ते जास्त आठवले. सजावट म्हणजे पाप, ही शुद्धतावादी भूमिका तिथे डळमळते. पण प्रयोगातली माणसं थोडी होती, आलेख साधे होते, आणि सजावट आशयाशी जोडलेली होती. टँकरच्या आकड्यांमागे सूर्यास्ताचा फोटो लावणं त्यात बसत नाही. चित्रं हवीच असतील तर त्यांचाही नियम व्हिएन्नात समाजशास्त्रज्ञ ऑटो न्यूराथ यांनी १९२० च्या दशकात घालून दिला आहे: आकडा वाढला तर चिन्हांची संख्या वाढवा, चिन्हाचा आकार नको. एक टँकर म्हणजे १०० टँकर धरा आणि सहाशेला सहा काढा. टँकर दुप्पट उंच काढला तर तो दुप्पट रुंदही होतो आणि डोळ्याला चौपट दिसतो. नाइटिंगेल यांनी दुरुस्त केलेली तीच चूक.

स्तंभांचा हिशेबही असाच. ७२ आणि ७५ हे दोन आकडे. अक्ष शून्यापासून घेतला तर दोन स्तंभांत चार टक्क्यांचा फरक दिसतो. ७० पासून घेतला तर दुसरा स्तंभ अडीचपट. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर हा प्रकार मुबलक पाहायला मिळतो. स्तंभाची लांबी हेच त्याचं विधान, म्हणून त्याला शून्य लागतोच. रेषालेखाला लागत नाही, कारण तिथे उतार वाचला जातो. तापमानाची रेषा शून्यापासून काढली तर ती सपाट पडेल आणि काहीच सांगणार नाही. वृत्तालेख (पाय चार्ट) तीन-चार भागांपर्यंत ठीक, त्यापुढे डोळ्याला कोन तोलता येत नाहीत. लाल आणि हिरवा यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. हे दोन रंग वेगळे न ओळखणारे पुरुष बरेच असतात. एक रंग मुद्द्याला, बाकी सगळं राखाडी. आणि कालक्रम मोडू नये, हे सांगायची गरज पडू नये. पण मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याने कोविडचे स्तंभ तारखेऐवजी उंचीच्या क्रमाने लावले होते. आलेख छान उतरता दिसत होता. खाली तारखा मागेपुढे झाल्या होत्या. टीका झाल्यावर तो बदलला गेला.

पोचण्याच्या बाबतीत तर ‘आकर्षक’ गट स्वतःच्याच मैदानात हरतो, कारण वाचणाऱ्याच्या हातात काय असतं हे मोजलेलंच नसतं. ए-४ आकाराचं पत्रक २१० मिलिमीटर रुंद. फोनचा पडदा साधारण ६८. चित्र एकतृतीयांश होतं आणि १० पॉइंटचं अक्षर ३ पॉइंटच्या थोडं वर उतरतं. योजनांची सरकारी पत्रकं लोक वाचत नाहीत अशी तक्रार आहे. ती वाचता येत नाहीत. १०८० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत ४८ पिक्सेलचं अक्षर फोनवर जेमतेम ३ मिलिमीटर म्हणजे सुमारे साडेआठ पॉइंटचं होतं, वर्तमानपत्राच्या मजकुराएवढं. मराठीसाठी त्याखाली जाऊ नये. स्रोताची ओळ फार तर ३६ पर्यंत उतरवावी. देवनागरीला ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. इंग्रजी डिझाइनमधून उचललेलं ‘अक्षरांत मोकळी जागा’ हे सौंदर्य मराठीत शिरोरेखा तोडतं. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची मांडणी निवडलेली नसेल तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते आणि ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ ओळखू येत नाही. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर सरळ गिचमिड. आकडे लाख-कोटीत, स्वल्पविरामही त्याच पद्धतीने. एकाच चित्रात ‘१.२ मिलियन’ आणि ‘१२ लाख’ शेजारी ठेवणाऱ्याला वाचकाविषयी आस्था नाही असंच म्हणावं लागतं.

काम कसं चालावं? आधी एक पूर्ण वाक्य लिहावं, क्रियापदासकट. ‘जलसाठ्याची स्थिती’ हे शीर्षक होऊ शकत नाही. ‘धरणांतला साठा गेल्या वर्षीच्या याच दिवसापेक्षा कमी’ हे होऊ शकतं. हे वाक्य जमत नसेल तर आकड्यांत सांगण्यासारखं काही नाही किंवा दोन गोष्टी आहेत. दोन असतील तर दोन चित्रं. मग छेद तपासावा: टक्के कशाचे? २० टक्क्यांवरून २५ टक्के ही पाच टक्के अंकांची वाढ आहे आणि पंचवीस टक्क्यांची वाढही आहे. कुठली म्हणायची ते संपादक ठरवेल. त्यानंतर कच्चं चित्र कागदावर, पेनाने. डिझायनर इथे येतो. शेवटी ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून, तिथून पुन्हा पुढे ढकलून, एखाद्या साध्या फोनवर उन्हात बघावं, आणि विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी विचारावं, यात काय म्हटलंय? त्याचं वाक्य आपल्या वाक्याशी जुळलं नाही तर चूक त्याची नाही.

पाठवल्यानंतरचा प्रवास हा डिझाइनचाच भाग आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, पण तो पाठवणाऱ्याने निवडावा लागतो. चित्राखाली लिहिलेला मजकूर पुढे जाताना गळून पडू शकतो. कुणी स्क्रीनशॉट घेतो, कुणी कडा कापतो. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली, २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांना एकच. त्याने वेग कमी झाला असेल, हरवलेली तारीख परत आली नाही. म्हणून स्रोत, तारीख आणि छेद चौकटीच्या आत हवेत, तेही तळाच्या पट्टीत नकोत, कारण कात्री तिथेच चालते. शीर्षकाच्या खालच्या ओळीत ठेवा: ‘२४ जूनपर्यंत, महसूल मंडळनिहाय, कृषी विभाग’. नंतर चूक सापडली तर आपल्या ग्रुपमधून चित्र काढून टाकल्याने पुढे गेलेल्या प्रती परत येत नाहीत. तेव्हा सुधारित चित्र मूळ चित्रासारखंच दिसलं पाहिजे, वर ‘दुरुस्त आवृत्ती’, तारीख आणि काय बदललं त्याची एक ओळ, म्हणजे दोन्ही शेजारी आली की कुठलं मानायचं ते कळेल.

यावर शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: रात्री अकराला, पान सुटायला वीस मिनिटं असताना हे सगळं कोण करणार? आक्षेप रास्त आहे. पण मग दोन आकड्यांसाठी चित्र काढायलाच हवं का? समजा, गेल्या वर्षी या दिवशी ४८० टँकर होते आणि यंदा ६३० आहेत. ही ओळ तारीख आणि स्रोतासह साध्या मजकुरात पाठवली तर तिच्या कडा कापल्या जात नाहीत, ती धूसर होत नाही, महिन्याभराने शोधली तर सापडते, आणि ज्याला दिसत नाही त्याचा फोन ती त्याला वाचून दाखवतो.